किलीमांजारो + झांझिबार सव्वा लाखात : ही डील घ्यावी का?

गिरिजा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्टर फिरतंय. टांझानियातला किलीमांजारो डोंगर माचामे रूटने ६ दिवस, मग झांझिबार बेटावर ३ रात्री, सगळं मिळून माणशी सव्वा लाख, विमानाचं तिकीट सोडून. अर्ली बर्ड, फक्त १० जागा वगैरे नेहमीचं आहेच. तारखा मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या, लेकाला सुट्टी असते त्यामुळे त्याला आजी-आजोबांकडे ठेवून मी आणि नवरा निघू शकतो, एरवी वर्षभर कठीण असतं. बाकीकडे विचारलं तर नुसत्या डोंगराचेच दीड-दोन लाख सांगतायत म्हणून हात शिवशिवतायत. शुक्रवारपर्यंत २५ हजार भरायचेत आणि ते परत मिळणार नाहीत. आम्ही दोघं चाळिशीतले, सह्याद्रीत कायम असतो, हिमाचलात हमटा पास झालाय, तेव्हा काही त्रास नव्हता. कोणी जाऊन आलंय का? एवढ्यात खरंच होतं का? आणि याच बजेटमध्ये परदेशातलं, जरा अंगमेहनतीचं दुसरं काही सुचत असेल तर तेही सांगा.

सातारी_कंदी

वाचतोय. वाचनखूण साठवली. पोस्टरवर शिखराच्या पाटीजवळ झेंडा घेतलेला फोटो आहे का, तो असला की आमच्याकडे पैसे भरूनच टाकतात :)

नळीची_वाट

गिरिजाताई, भरायच्या आधी जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसा. उद्यानाची फी कंपनीच्या हातात नसते, ती सगळ्यांना सारखीच. परदेशी माणसाला दिवसाला ७० डॉलर प्रवेश, तंबूच्या प्रत्येक रात्रीला ५० डॉलर, बचावाचे एकदाच २० डॉलर आणि या सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. मी गेले तेव्हा हेच दर होते, तुम्ही जाल तेव्हाचे एकदा बघून घ्या, कमी तर नक्कीच झाले नसतील. ६ दिवस ५ रात्री म्हणजे ४२० अधिक २५० अधिक २०, झाले ६९०, व्हॅट धरून ८१४ डॉलर. डॉलर ८८ रुपयांचा धरला तरी एकाहत्तर हजारांच्या वर गेले गेटवरच. राहिले त्रेपन्न. त्यात झांझिबारचं तीन रात्रींचं हॉटेल, किलीमांजारो ते झांझिबार विमान (ते तिकीट "सोडून"मध्ये आहे की नाही हे आधी विचारा), पायथ्याच्या मोशी गावात चढाईच्या आधी आणि नंतर एकेक रात्र, विमानतळाच्या गाड्या. अगदी हात आखडून केलं तरी बावीस-पंचवीस हजार. म्हणजे डोंगरासाठी उरले तीसएक हजार.

आता डोंगरावर माणसं किती लागतात बघा. दोघांमागे एक गाइड, एक सहायक, एक स्वयंपाकी आणि सहा-सात पोर्टर, म्हणजे नऊ-दहा जण. तुमच्या दोघांचे साठ हजार, दहा माणसं, सहा दिवस : दिवसाला माणशी हजार रुपये. त्यातच तुमचं जेवण, गॅस, तंबूंची झीज आणि इकडच्या एजंटचं कमिशन. मोठ्या ग्रुपमध्ये माणसं थोडी कमी लागतात हे कबूल, पण कितीही ओढून ताणून हिशोब जुळत नाही. फी कमी करता येत नाही, विमानवाला कमी करत नाही, मग स्वस्त होतं ते दोनच ठिकाणी, एक तुमचे दिवस आणि दुसरं पोर्टरची मजुरी.

मीठभाकर

तुम्ही लोक फार घाबरवता राव. प्रत्येक डीलमागे कोणीतरी नाडलाच जातोय असं कसं? ऑफ सीझनला भाव पडतातच, गोव्यात जूनमध्ये रिसॉर्ट निम्म्यात मिळतं तेव्हा आपण वेटरचा पगार विचारतो का? आणि कमी का होईना, त्या माणसाला काम तर मिळतंय.

दारेसलामकर

ऑफ सीझन हा शब्द बरोबर पकडलात :) मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे टांझानियात आहे म्हणून सांगतो. इथे पावसाळे दोन. मोठा मार्च ते मे, छोटा नोव्हेंबरच्या आसपास. डोंगरासाठी चांगले महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये इथली हॉटेलं रिकामी असतात, झांझिबारला तर काही रिसॉर्टं डागडुजीसाठी चक्क बंद करतात, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी. त्यामुळे भारतातल्या ग्रुपना हे पोस्टर दरवर्षी जातं. डोंगर तेव्हा बंद नसतो, लोक चढतातही. पण माचामेचा पहिला दिवस सगळा रेनफॉरेस्टमधून आहे, तिथे मेमध्ये पायवाट राहत नाही, लोणी होतं. बूट पहिल्याच दिवशी भिजले की वाळतच नाहीत, आणि तेच ओले बूट घालून चौथ्या रात्री शिखरासाठी उणे १०-१५ मध्ये चालायचं. गोव्यातल्या जूनशी याची तुलना नको, तिथे भिजलात तर खोलीत जाऊन चहा मागवता येतो.

अवांतर : झांझिबारसाठी ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी कंपनीचाच विमा घ्यावा लागतो, ४४ डॉलर माणशी. तुमचा भारतातला विमा असला तरी. व्हिसाचे ५० डॉलर वेगळे. हे दोन्ही पोस्टरवर बारीक अक्षरातही नसणार.

गिरिजा_डोंबिवली

बाप रे. फीचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, तो कागद घेऊन बसलाय. नळीची_वाट, दिवस कमी केल्याने नक्की काय बिघडतं? पोस्टरवर लिहिलंय की ६ दिवस "फिट लोकांसाठी पुरेसे". आम्ही फिट आहोत असा आमचा समज आहे, कात्रज ते सिंहगड रात्रीत केलंय दोघांनी.

नळीची_वाट

कात्रज-सिंहगड ज्यांनी केलंय त्यांच्या गुडघ्यांना माझा सलाम, ते तिथे उतरताना उपयोगी पडतीलच. पण उंची हे वेगळं प्रकरण आहे, तिथे फिटनेस विचारत नाही कोणी. माचामे गेटच कळसूबाईच्या उंचीला आहे, चालायला सुरुवात तिथून. पहिली रात्र साधारण २९००-३००० मीटरला, दुसरी शिरा पठारावर ३८००ला. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापर्यंत ४६००ला नेतात आणि पुन्हा खाली ३९५०च्या आसपास बारांकोला झोपवतात, हा या रूटचा सगळ्यात शहाणा दिवस. त्या दिवशी डोकं ठणकतं, जेवण नको होतं, आणि खाली आलं की तासाभरात माणूस पुन्हा माणसात येतो. बारांकोला त्या संध्याकाळी ढग बाजूला झाले तर महाकाय सेनेसिओची झाडं दिसतात, वाळलेल्या पानांचा जाड कोट घातलेला बुंधा आणि डोक्यावर हिरवा कोबी ठेवल्यासारखं, असलं झाड मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

खरा फरक इथून पुढे. ७ दिवसांच्या प्लॅनमध्ये चौथ्या दिवशी बारांकोची भिंत चढून करांगाला ४०००ला मुक्काम, पाचव्या दिवशी दुपारपर्यंत बराफू कॅम्प, ४६५०च्या वर, मग आराम, मग रात्री शिखर. ६ दिवसांच्या प्लॅनमध्ये करांगा गाळतात. म्हणजे भिंत चढून, करांगाची दरी उतरून-चढून, संध्याकाळी बराफूला पोचायचं, कसंबसं जेवायचं, तीन-चार तास नुसतं आडवं पडायचं (झोप लागत नाहीच) आणि अकरा-बाराला हेडलॅम्प लावून निघायचं. वर बाराशे मीटर, मग उहुरू हे शिखर, ५८९५. तिथून त्याच दिवशी बराफू आणि पुढे म्वेका कॅम्प ३१००पर्यंत उतरायचं. एका दिवसात पावणेतीन हजार मीटर उतार, आणि तोही आदल्या दिवशी दमून आलेल्या पायांनी.

त्या एका जास्तीच्या दिवसाची उद्यानाची फी व्हॅटसकट १४२ डॉलर, म्हणजे साडेबारा हजार, वर माणसांची मजुरी. डीलवाले हेच वाचवतात. पाच दिवसांचा मारांगू रूट तर सगळ्यात स्वस्त विकतात, लाकडी झोपड्यांत बंक असतात म्हणून आरामाचा वाटतो, पण सवय व्हायला वेळच नाही, त्यामुळे तिथून मागे फिरणारे फार. पैसे असतील तर लेमोशो रूट आठ दिवस, नसतील तर माचामे सात. त्याखाली मी तरी कोणाला सांगणार नाही.

डॉ_खोडसाळ

नळीची_वाट यांच्याशी सहमत. ३००० च्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा ढोबळ नियम, किलीमांजारोच्या कुठल्याच रूटवर तो पूर्ण पाळला जात नाही, म्हणून तर दिवस वाढवायचे. हमटाला त्रास झाला नाही ही चांगली खूण आहे पण हमटाची सगळ्यात उंच जागा ४२७०, आणि तिथे तुम्ही झोपला नव्हता. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं का ते तुमच्या डॉक्टरांशी बोला, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली की वाद न घालता खाली. शिखर तासाभरावर असलं तरी खाली.

अजून एक, मुंबईहून बहुतेक स्वस्त तिकिटं अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात. हे दोन्ही देश आपल्या सरकारच्या यलो फीवरच्या यादीत आहेत. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकच डोस, प्रमाणपत्र जन्मभर चालतं. नसेल तर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. अंड्याची अॅलर्जी असेल तर तिथे सांगायचं.

मीठभाकर

ठीक आहे, पावसाचं पटलं. पण पोर्टरचं मला अजून पटलेलं नाही. आपण इथे बसून कसं ठरवणार कोण किती देतं?

दारेसलामकर

ठरवता येतं. मोशीत केपॅप म्हणून संस्था आहे, किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट, २००३ पासून काम करतेय. ज्या कंपन्या त्यांच्या अटी पाळतात त्यांची यादी त्यांच्या साइटवर असते : ठरलेली मजुरी, वेळेत पैसे, तीन वेळचं जेवण, झोपायला धड तंबू, पाठीवर २० किलोपेक्षा जास्त नाही. हे फुकाचं नाही, चढाईवर त्यांचा माणूस पोर्टरांबरोबर असतो आणि नंतर विचारपूस करतो. ओझं गेटवरही काट्यावर ठेवून मोजतात, म्हणून तुमची डफल बॅग १५ किलोच्या आत मागतात.

मी स्वतः बघितलेलं सांगतो. शिरा कॅम्पवर दोन ग्रुप शेजारी-शेजारी. एकाचे पोर्टर दुपारी आल्या आल्या चहा-पाव खात होते, त्यांचा वेगळा तंबू, रात्री उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि भाजी. दुसऱ्याचे पोर्टर पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत स्वयंपाकाच्या तंबूच्या मागे उकिडवे बसून, एकाच्या पायात पावसाळी चपला, आणि रात्री त्याच जेवणाच्या तंबूत सगळे कोंबून झोपले. पहिल्या ग्रुपचे पाहुणे आणि दुसऱ्या ग्रुपचे पाहुणे, दोघांच्याही ताटात सूप सारखंच गरम होतं. पाहुण्याला कळतच नाही. मे महिन्यात तर ओल्या डोंगरावर रात्री गारठून पोर्टरच आजारी पडतात.

सातारी_कंदी

हे वाचून सूप नको वाटायला लागलं.

नळीची_वाट

टिपचंही बोलून ठेवते कारण पोस्टरवर "टिप ऐच्छिक" असणार. ऐच्छिक वगैरे काही नाही, माणशी अडीचशे-तीनशे डॉलर बाजूला ठेवाच. शेवटच्या दिवशी सगळा ताफा गोळा होतो, गाणी होतात, आणि तेव्हा सगळी रक्कम एका पाकिटात घालून हेड गाइडच्या हातात द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. तसं करू नका. गाइडला किती, स्वयंपाक्याला किती, पोर्टरला किती हे कागदावर लिहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि शक्य तर ज्याच्या त्याच्या हातात द्या. डॉलरच्या सुट्या छोट्या नोटा भारतातूनच न्या, आणि जुन्या नकोत, २००६ च्या आधीच्या नोटा तिथे कोणी घेत नाही.

आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या! टांझानियात जून २०१९ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे. आपण सुक्या खोबऱ्याच्या चटणीपासून मोज्यांपर्यंत सगळं पिशव्यांत बांधून नेतो. कापडी पिशव्या आणि ड्राय बॅग न्या. चटणी मात्र न्याच, चौथ्या दिवशी भूक मेलेली असते तेव्हा कामाला येते. शाकाहारी जेवणाची काळजी नको, मोशी-आरुशात गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि चपाती तर तिकडच्या स्वयंपाक्यांच्या हातातलीच आहे.

उनाड_वासरू

किलीमांजारो सोडा, व्हिएतनामला जा! तिथला हा-जियांग लूप, बाइकवर तीन-चार दिवस, मा पी लेंग घाटातून खाली न्हो क्वे नदी, डोळे फाटतात. खर्च याच्या निम्म्यात. मेमध्ये तिकिटंही बरी मिळतात.

नळीची_वाट

लूप भारी आहे यात वाद नाही, पण स्वतः चालवू नका. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या करारातलं, व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतं. भाड्याने बाइक बिनदिक्कत देतात, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारणार. तिथे मागे बसवून नेणारे स्थानिक चालक मिळतात, त्यांच्या मागे बसा, निवांत बघायलाही मिळतं.

उनाड_वासरू

मागे बसून कसला अॅडव्हेंचर. बरं, हलके घ्या.

काकडआरती

गिरिजा, मेची सुट्टी वाया घालवायची नसेल तर नेपाळ का नाही? अन्नपूर्णा बेस कॅम्प, ४१३०. व्हिसा नाही, यलो फीवर नाही, परमिटला आपल्याला सार्कचा दर लागतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी आकाश उघडं असतं, दुपारनंतर सरी येतात, म्हणून पहाटे निघून दुपारी लॉज गाठायचं. छोम्रोंगच्या पायऱ्या रडवतात, उतरून पुन्हा चढायच्या असतात, आपल्या राजगडाच्या लोकांना त्या आवडतील. देउरालीच्या पुढे हिमस्खलनाचा पट्टा आहे तो सकाळी लवकर ओलांडायचा, तिथे फोटोसाठी रेंगाळायचं नाही. तंबू नाहीत, लॉजमध्ये राहायचं, डाळ-भात पोटभर, पुन्हा पुन्हा वाढतात. आणि तिथे डील वगैरे लागतच नाही, पोखऱ्यात जाऊन गाइड ठरवला तरी होतं.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या स्वस्त पॅकेजपासून मात्र सांभाळून. हा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाची विमानं सीझनमध्ये काठमांडूहून नाही, रामेछापहून सुटतात, रात्री दोनला उठवून चार-पाच तास जीपने नेतात, आणि हवामान बिघडलं की दोन-दोन दिवस अडकायला होतं. त्यांच्या प्लॅनमध्ये राखीव दिवस नसतोच. विम्यात किती मीटरपर्यंत कव्हर आहे तेही बघा, पुष्कळ पॉलिसी उंचीवर हात वर करतात. आणि साध्या डोकेदुखीला कोणी हेलिकॉप्टर मागवायला लागलं तर आधी खाली चालून बघा, २०१८ मध्ये नेपाळ सरकारने खोट्या हेलिकॉप्टर बचावांची चौकशी केली होती ती उगाच नव्हती.

डॉ_खोडसाळ

+१. आणि अन्नपूर्णा ही किलीमांजारोची चांगली तालीमसुद्धा होईल, ४१३०ला एक रात्र झोपून शरीर काय म्हणतं ते कळेल.

गिरिजा_डोंबिवली

अपडेट देते. पोस्टरवाल्यांना फोन केला. सातवा दिवस हवा तर माणशी अठरा हजार जास्त. केपॅपचं विचारलं तर म्हणाले "पोर्टरचा विषय आमचा लोकल पार्टनर बघतो मॅडम". त्या पार्टनरचं नाव बुकिंगनंतर सांगणार. झांझिबारचं विमान आत नाहीये. पावसाचं विचारलं तर म्हणे "तुरळक सरी, वातावरण उलट रोमँटिक असतं". नवरा म्हणाला ओल्या बुटांत रोमँटिक तूच हो.

तर २५ हजार भरले नाहीत. सासूबाईंशी बोलणं झालंय, त्या फेब्रुवारीत आमच्याकडे येऊन राहतील, तेव्हा माचामे सात दिवस, मोशीच्या केपॅपच्या यादीतल्या दोन-तीन कंपन्यांना थेट मेल टाकलेत, झांझिबार बहुतेक कटाप. मेमध्ये अन्नपूर्णा. दारेसलामकर, फेब्रुवारीत पौर्णिमेला शिखर गाठायचा प्रयत्न करावा का?

दारेसलामकर

पौर्णिमेला हेडलॅम्पशिवाय चालता येईल इतका उजेड असतो, बर्फाची कड लांबून चमकते. पण सगळेच तोच विचार करतात, बराफूच्या वर रांग लागते आणि रांगेत उभं राहून गारठायला होतं. दोन-तीन दिवस आधीची तारीख बघा. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, मग बूच मोकळं राहतं. पाण्याच्या नळीवाल्या पिशव्या त्या रात्री काही कामाच्या नाहीत.

काकडआरती

आणि पोखऱ्याला कसे जाताय? विमान की गोरखपूरमार्गे?

गिरिजा_डोंबिवली

पैसे वाचवायचेत म्हणून कुशीनगर एक्सप्रेस बघतेय, मग सोनौलीची सीमा. कल्याणलाच चढता येईल.

सातारी_कंदी

मेमध्ये कुशीनगर?! तिकीट ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसा, एसी पाच मिनिटांत वेटिंगला जाईल. स्लीपर मिळालं तर मग किलीमांजारोची तालीम कल्याणपासूनच सुरू समजा.